उत्तर न येण्याचा अर्थ



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'उत्तर न येण्याचा अर्थ' असे सांगितले. चालकांपैकी एकाने विचारले, "हा विषय अध्यात्माचा की व्यवहाराचा?" आम्ही म्हणालो, निव्वळ व्यवहाराचा, किंबहुना पैशाच्या व्यवहाराचा. तेव्हा अध्यात्माच्या अपेक्षेने जे कोणी आले असतील, त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो.

आरंभी घरची एक गोष्ट सांगू. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन आम्ही याच शहरातल्या एका रुग्णालयात गेलो. खिडकीवर वीस हजार रुपये अनामत भरण्यास सांगण्यात आले. आम्ही फोन काढला, खिडकीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडावर धरला, रक्कम घातली, पिन दिला. पडद्यावर चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. शेवटी 'वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा' अशी ओळ आली. खिडकीतल्या मुलीनेही मान हलवली. पैसे आले नव्हते. आम्ही पुन्हा पाठवले. या खेपेस ते तत्काळ पोचले. आणि मग बँकेचे दोन संदेश एकापाठोपाठ आले: वीस हजार वजा, आणि पुन्हा वीस हजार वजा. खात्यात सातशे काही रुपये उरले, आणि औषधांचे बिल झाले होते साडेतीन हजारांचे. शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी गृहस्थांनी ते भरले. पहिले वीस हजार चौथ्या दिवशी आपसूक परत आले. बंधू सुखरूप आहेत. आत्ता तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

पण त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. ते चक्र फिरत असताना आत काय चालले होते? 'वेळ संपली' म्हणजे कोणाची वेळ, आणि ती ठरवली कोणी? आणि त्या ओळीने आम्हांला जे सुचवले, म्हणजे पैसे गेले नाहीत, ते खरे नव्हते, तर यंत्र आमच्याशी खोटे बोलले काय? या प्रश्नांचा आम्हांला लागलेला उलगडा आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम उशीर म्हणजे काय ते पाहू. प्रकाश पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. आपले संदेश ज्या काचेच्या तंतूंतून धावतात, त्यांत त्याचा वेग सुमारे दोन लाख किलोमीटर भरतो. वाशीहून ऐरोलीपर्यंत दहा किलोमीटरांची तार धरली, तर संदेशाला सेकंदाचे पन्नास दशलक्षांश पुरतात. पापणी लवण्यास याच्या कितीतरी हजारपट वेळ लागतो. आता न्यूयॉर्क घ्या. मुंबईहून ते सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास निदान सव्वाशे सहस्रांश सेकंद हवेत. आणि समुद्राखालची तार सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास लागतात. हा उशीर कोणाच्या आळसाचा नव्हे. तो निसर्गाचा कर आहे, आणि तो कोणत्याही कंपनीला माफ होत नाही. कमी करण्याचा उपाय एकच, अंतर कमी करणे. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे या भागांत रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांशेजारी डेटा सेंटरांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या सागरी केबली आणि मुंबईचे बँकव्यवहार हे दोन्ही येथून हाकेच्या अंतरावर आहेत, हे त्याचे एक मोठे कारण होय.

ज्यांचे केस आमच्यासारखे पांढरे झाले आहेत, त्यांना परदेशी फोनवरची ती विचित्र शांतता आठवत असेल. आपण 'कसा आहेस?' म्हणावे, क्षणभर काहीच येऊ नये, म्हणून पुन्हा 'हॅलो' म्हणावे, आणि नेमके त्याच वेळी तिकडून 'बरा आहे' यावे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच असतो. शब्द वर जाऊन खाली येईतो जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि उत्तर यावयास आणखी पाव सेकंद. दोन्ही बाजूंची माणसे शहाणी असूनही एकमेकांच्या बोलण्यावर बोलत, ती या अर्ध्या सेकंदामुळे. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा त्याचा संदेश येथे पोचण्यास बारा मिनिटांहून अधिक लागत होते. म्हणून त्याला काय करावयाचे ते आधीच शिकवून ठेवावे लागले. इतक्या दुरून विचारत बसण्यास सवडच नव्हती.

परंतु आमच्या रुग्णालयातील उशीर अंतराचा नव्हता. उशिराचा दुसरा प्रकार आहे रांगेचा. वाशीच्या टोलनाक्यावर ज्यांनी संध्याकाळी गाडी उभी केली असेल, त्यांना हा प्रकार शिकवावा लागणार नाही. खाडीपुलाची लांबी सकाळी आणि संध्याकाळी तीच. पण पार होण्यास सकाळी लागणारी मिनिटे आणि संध्याकाळी लागणारी मिनिटे यांत जमीनअस्मानाचे अंतर. आपला संदेश लहान लहान तुकड्यांत कापला जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेवर जागोजाग राउटर नावाची यंत्रे ही पॅकेटे घेतात आणि पुढच्या वाटेला लावतात. एकदम गर्दी झाली की राउटरपाशी रांग लागते. रांगेची जागाही भरली की राउटर आलेले पॅकेट सरळ टाकून देतो, आणि बहुधा टाकून दिल्याचे पाठवणाऱ्याला कळवीत नाही. टोलनाक्यावर निदान गाडी गिळली जात नाही!

याखेरीज वाटच मोडण्याचा प्रसंग असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबलींना इजा झाली. त्यांतल्या दोन मुंबईला येणाऱ्या होत्या. वाहतूक पूर्ण थांबली नाही. ती लांबच्या वाटेने वळवली गेली. आपल्याकडे अनेकांना इंटरनेट मंदावल्यासारखे वाटले ते त्यामुळे. आणि या साऱ्या वाटा पार करून संदेश पोचला, तरी पलीकडचा सर्व्हर कामात बुडालेला असला, तर उत्तर उशिरा येणारच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, आम्ही प्रश्न पाठवला आणि उत्तर आले नाही. याचे अर्थ तीन होऊ शकतात. एक, प्रश्नच वाटेत हरवला. दोन, प्रश्न पोचला, काम झाले, पण उत्तर वाटेत हरवले. तीन, काहीच हरवलेले नाही. पलीकडे काम अजून चालू आहे. पैशाच्या दृष्टीने या तिहींत केवढा फरक आहे! पहिल्यात पैसे खात्यातच आहेत, दुसऱ्यात ते गेले आहेत, तिसऱ्यात जाण्याच्या वाटेवर आहेत. आणि तरी अलीकडे बसून वाट पाहणाऱ्याला तिन्ही गोष्टी हुबेहूब एकसारख्या दिसतात. शांतता ती शांतताच. तिच्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी तिच्या पोटात काय आहे ते दिसत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पलीकडून 'नाही' असे उत्तर आले, तर ते उत्तरच आहे. दार ठोठावल्यावर कोणी उघडून 'आज नको' म्हणाले, तर निदान घरात माणूस आहे आणि आपला निरोप पोचला एवढे कळते. आम्ही बोलत आहोत ते दार उघडलेच नाही अशा प्रसंगाबद्दल.

कोणी म्हणेल, मग उत्तराची पोच मागवावी. हा विचारही शास्त्रज्ञांनी करून पाहिला आहे. असे समजा की आपली एक तुकडी कर्नाळ्यावर आहे, दुसरी प्रबळगडावर, आणि मधल्या पनवेलच्या मुलखात शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी चालून गेले तरच जय. एकट्याने गेल्यास नाश. कर्नाळ्याचा सरदार जासूद पाठवतो: 'उद्या पहाटे.' जासूद पोचला की पकडला गेला? म्हणून प्रबळगडाचा सरदार पोच पाठवतो. पण ती पोच पोचली की नाही, हे आता त्याला कळत नाही. म्हणून पोचेची पोच. मग तिची पोच. कितीही जासूद धाडले तरी शेवटचा जासूद पोचल्याची खात्री त्याला पाठवणाऱ्याला नसतेच. हे कोडे १९७५ सालापासून संगणकशास्त्रात चर्चिले जाते, आणि अशा वाटेवरून पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही, हे गणिती पद्धतीने सिद्ध झाले आहे. म्हणून व्यवहारात तिसऱ्या निरोपावर थांबतात. दोन संगणक जोडले जाताना पहिला म्हणतो, 'ऐकू येते का?' दुसरा म्हणतो, 'येते. माझे येते का?' पहिला म्हणतो, 'येते.' येथे हस्तांदोलन पुरे झाले असे मानतात. 'मानतात' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला.

खात्री मिळणार नसेल तर अनंत काळ वाट पाहावी काय? तेही शक्य नाही. वाट पाहणारा सर्व्हर प्रत्येक अडलेल्या ग्राहकासाठी जागा राखून ठेवतो; अशा जागा भरल्या की नव्या ग्राहकाला उभे राहण्यासही ठाव उरत नाही. म्हणून यंत्राला एक मुदत घालून दिलेली असते. तीच ती टाइमआउटची कालमर्यादा. मुदत संपणे हे पलीकडचे ज्ञान नव्हे. ज्ञान नसताना घेतलेला तो निर्णय आहे. 'वेळ संपली' याचा अर्थ 'काम झाले नाही' असा नसून 'मी यापुढे थांबत नाही' एवढाच आहे. त्या रात्री यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याच्या बोलण्यात नसलेला अर्थ आम्ही काढला. मात्र 'पुन्हा प्रयत्न करा' हा जोडीला दिलेला सल्ला आम्ही अजूनही क्षम्य मानत नाही.

मुदत किती असावी, यात मोठे शहाणपण आहे. ती फार आखूड ठेवली तर काय होते, याचा धडा ऑक्टोबर १९८६ मध्ये मिळाला. अमेरिकेत बर्कलीची प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्ड. त्या वाटेवरून सेकंदाला बत्तीस हजार बिट जात. ते एकाएकी चाळीस बिटांवर आले. वाट मोडली नव्हती. गर्दीने उत्तरे उशिरा येऊ लागली. संगणकांनी पॅकेटे हरवली असे समजून तीच पुन्हा पाठवली. त्याने गर्दी वाढली. म्हणून आणखी उशीर, म्हणून आणखी पाठवणी. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावरचा उपाय प्रसिद्ध केला. त्यातील दोन गोष्टी सामान्य माणसासही समजण्याजोग्या आहेत. पहिली, मुदत डोळे मिटून ठरवू नये. आजवर उत्तरे सरासरी किती वेळात आली आणि त्यांत चढउतार किती होता, हे मोजत जावे. सरासरीत चढउताराची चौपट मिळवावी, ती मुदत. नेहमी सातला येणारा आणि फार तर पाच मिनिटे मागेपुढे होणारा दूधवाला सव्वासातलाही आला नाही, तर सातवीसपर्यंत थांबून मग चौकशी करावी, असा हा हिशेब आहे. दुसरी गोष्ट फार मोलाची. मुदत संपून पुन्हा पाठवले, आणि तरीही उत्तर नाही, तर पुढची मुदत दुप्पट करावी. एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ. लिनक्स या प्रणालीच्या दीर्घकाळ चालत आलेल्या मांडणीत जोडणीचा प्रयत्न असा वाढत्या अंतराने करीत शेवटी एकशे सत्तावीस सेकंदांनी तो सोडून देतात. पलीकडचा अडचणीत असताना त्याच्या दारावर धक्के वाढवू नयेत, कमी करावेत, असा हा नियम आहे.

हा धडा जुना झाला असे कोणी समजू नये. आपली यूपीआय ही पैसे पाठवण्याची पद्धती २०१६ साली सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. म्हणजे रात्रंदिवस धरून सेकंदाला सरासरी सात हजारांहून जास्त. त्याच वर्षी १२ एप्रिल रोजी देशभर ही पद्धती काही तास अडखळली. मागाहून निघालेले कारण असे की, 'अमुक व्यवहाराचे काय झाले?' या चौकशांचा पूर आला होता. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांचीही पुन्हा पुन्हा चौकशी होत होती. म्हणजे बर्कलीचाच प्रकार, पण या वेळी रांगेत भाजीवाले, रिक्षावाले आणि रुग्णालयाच्या खिडकीवरची माणसे होती. त्यानंतर नियम कडक झाले. जून २०२५ पासून पैसे देण्याच्या संदेशाला उत्तर देण्याची मुदत तीस सेकंदांवरून पंधरावर आली, आणि ऑगस्टपासून अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनच वेळा, तीही मध्ये नव्वद सेकंद सोडून करावी, असे ठरले. एका अंगाने उत्तराची घाई आणि दुसऱ्या अंगाने प्रश्नाचा संयम, हे दोन्ही एकाच पद्धतीला लागतात, हे यावरून दिसून येईल.

आता उपायाकडे. तो आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. गिरणगावात राहणारा कामगार साताऱ्याकडे आईला मनीऑर्डर करी. मनीऑर्डरीच्या अर्जाचा खालचा भाग आईच्या अंगठ्यासह परत येई, त्याला पोच म्हणत. एखाद्या महिन्यात पोच आली नाही, तर काय होई? मनीऑर्डर हरवली असेल, आईला पैसे मिळून पोच हरवली असेल, किंवा ओढ्याला पूर आल्यामुळे पोस्टमन पलीकडे अडकला असेल. तेच तीन अर्थ! पण तो कामगार लगेच दुसरी मनीऑर्डर करीत नसे. तेवढा पैसाच त्याच्याजवळ नव्हता. तो पावती घेऊन पोस्टात जाई आणि पावतीवरच्या नंबराने चौकशी करी.

यंत्रांनाही याहून वेगळा उपाय सापडलेला नाही. प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र नंबर द्यावा. तोच संदेश पुन्हा पाठवावा लागला तर त्याच नंबराने पाठवावा. पलीकडच्याने नंबर पाहावा. काम आधीच झालेले असेल तर ते पुन्हा न करता केवळ झाल्याचे कळवावे. मग संदेश दहादा गेला तरी पैसे एकदाच जातात. त्या रात्री आमच्या हातून चूक झाली ती नेमकी येथे. आम्ही पुन्हा पैसे पाठवले ते नव्या व्यवहाराने, म्हणजे नव्या नंबराने. यंत्राच्या दृष्टीने ती जुन्या प्रश्नाची आठवण नव्हती, तो वेगळाच हुकूम होता. आणि यंत्राने तो इमानाने पाळला.

सुदैवाने अशा अधांतरी पैशासाठी कायद्याची मुदतही आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयवरून एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला वा संस्थेला दिलेल्या पैशांची पक्की खबर तिकडे पोचली नाही, तर ही मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. पुढे उशीर झाल्यास रोज शंभर रुपये भरपाई ग्राहकाने न मागता मिळाली पाहिजे. आमचे पैसे चौथ्या दिवशी आले, ते या नियमाच्या पोटात बसले. मात्र चार दिवस थांबणे ज्याला परवडते त्याच्यासाठी हा नियम पुरेसा आहे. मध्यरात्री औषधाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला पुरणारी मुदत कोणत्याही परिपत्रकात नाही.

म्हणून शेवटी आपणांस तीन गोष्टी सुचवतो. चक्र थांबून 'वेळ संपली' असे दिसले, तर प्रथम व्यवहाराच्या यादीत जाऊन त्याची अवस्था पाहावी. बारा आकडी नंबर मिळाला असेल तर टिपून घ्यावा. यादीत 'प्रलंबित' असे असेतो तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. दीड-दोन मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. आणि तिसरी, निकडीच्या कामाला निघताना थोडी रोख रक्कम किंवा दुसऱ्या खात्याची सोय जवळ ठेवावी. खिडकीच्या आतल्या बाजूस बसणारे कोणी सभेत असतील, तर त्यांनाही विनंती. समोरच्या माणसाच्या फोनवर पैसे वजा झालेले दिसत असता त्याला 'पुन्हा करा' म्हणू नये. नंबर टिपून घ्यावा आणि रुग्णाला आत घ्यावे. यंत्र थांबू शकत नाही म्हणून मुदत घालते. माणसाला थांबता येते.

त्या रात्री बाकावरच्या गृहस्थांनी साडेतीन हजार दिले, तेव्हा त्यांनी आमच्या खात्याची स्थिती विचारली नाही, की आमचे नाव पुरते ऐकून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचे पैसे पाठवले, आणि पोचले का, असे फोन करून विचारले. ते म्हणाले, "पोचले. भाऊ कसे आहेत?"